वन्सं, ती वही मी का जाळली

वन्सं,

नमस्कार लिहायची रीत आहे म्हणून लिहिते, मनातून नाही.

काल माझ्या नव्या सुनेपुढे तुम्ही पुन्हा तोच किस्सा रंगवलात. "नवी नवरी असताना ही रोजनिशी लिहायची गं! मी सगळ्यांसमोर वाचली, तर लाजून चुलीत घातली!" सगळे खो खो हसले. सून तेवढी हसली नाही.

तेव्हा माझी पेटी उचकून तुम्ही वही काढलीत आणि जेवणं झाल्यावर माझ्या आवाजाची नक्कल करत वाचू लागलात. 'आज यांनी माझ्याकडे वळून पाहिलं' या ओळीला हेसुद्धा हसले. मी मेल्याहून मेली झाले. तुम्ही पान उलटणार, तेवढ्यात मी वही हिसकावली आणि जाळली.

पुढच्या पानावर तुम्ही होता. माहेरी विश्रांतीला आले म्हणालात, पण तुमची पाठ चोळताना मी वळ पाहिले होते. ते कुणी उठवले, तेही लिहिलं होतं. तो माणूस तुम्हाला न्यायला आला होता आणि समोरच पान चघळत बसला होता. त्यानं ते ऐकलं असतं, तर घरी नेऊन तुमचं काय केलं असतं?

हे पत्र टाकणार नाही. तुमच्या मुलांच्या हाती पडेल.

पण रात्री सुनेनं विचारलं, "आई, खरंच लाजून जाळलीत?" तिला मी सगळं सांगितलं. आता खुशाल सांगा किस्सा, फक्त तिच्या नजरेला नजर देऊन सांगा.

तुमच्या भावाची बायको