लोरेटाचा अजगर

प्रिय लोरेटा,

बाबा गेले. मंगळवारी दुपारी. गुरुवारी आईशेजारी पुरलं. तू दिसली नाहीस म्हणून चर्चमधल्या बायका कुजबुजल्या.

गेल्या हिवाळ्यापर्यंत ते अजगर मारत होते. थंडीत जनावरं उन्हाला कालव्याच्या बांधावर येऊन पडतात. बाबा ट्रकमधून उतरायचे आणि मान धरायचे, मी पोतं उघडायची. इथे आता ससा नाही, रॅकून नाही, सगळी दलदल अजगरांच्याच पोटात गेली. एकदा एका मादीच्या पोटात हरणाच्या पाडसाचे चार खूर सापडले. अंडी सापडली की बाबा टाचेखाली एकेक फोडायचे आणि म्हणायचे, "ही बघ लोरेटाची नातवंडं." मी हसायची. चौतीस वर्षं हसले.

तुझ्या नवव्या वाढदिवसाला त्यांनी बाजारातून तो हातभर अजगर आणला होता, आठवतं? तू त्याचं नाव ड्यूक ठेवलंस. माझ्या वाढदिवसाला मला झाडू मिळाला होता. आई गेल्यावर घर मी सांभाळत होते, पंधराव्या वर्षी. मासे मी साफ करायची आणि बाबांच्या मांडीवर बसायचीस तू. "माझी लोरेटा सापालाही भीत नाही," असं बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.

पिंजऱ्याची कडी तू लावली होतीस. अगदी नीट. मी काढली. दोन वर्षांत ड्यूक दोन पुरुष लांब झाला होता. तू शाळेत होतीस. मी त्याला हातगाडीत घालून कालव्यावर सोडून आले, आणि संध्याकाळी म्हणाले, "बाबा, हिनं पुन्हा कडी उघडी टाकली." तू रडत शपथा घेतल्यास. कदाचित त्यांनी तुझं ऐकलंही असतं. पण चौथ्या दिवशी तो कोठीखाली परत आला आणि बाबांच्या कुत्रीची दोन पिल्लं गिळून बसला. बाबांनी त्याला कुऱ्हाडीनं तोडला, तुझ्यासमोर. त्याच आठवड्यात तुला जॉर्जियाला आत्याकडे नेऊन टाकलं. तिथे ते काय म्हणाले ते आत्यानं मला सांगितलं, "जिला एक कडी लावता येत नाही, ती माझ्या घरात नको." पुढे दलदलीत अजगरच अजगर झाले, आणि ड्यूक कधीच मेला होता तरी प्रत्येक अजगर तुझाच, असं बाबा धरून चालले. मी कधी नाही म्हटलं नाही.

मे महिन्यात त्यांना श्वास पुरेना. शेवटच्या रविवारी माझं मनगट धरून म्हणाले, "मेबेल, लोरेटाला फोन लाव. म्हणावं, बाप चुकला. अकरा वर्षांची पोर होती ती." मी ओसरीवर गेले. फोन खिशातून काढलाच नाही. थोडा वेळ उभी राहिले आणि आत येऊन म्हणाले, "ती नाही म्हणतेय." त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. तरी गाडीचा आवाज आला की मान वळायची. मंगळवारी जेवणाआधी विचारलं, "तीच का गं?" मी म्हणाले, "नाही, पोस्टवाला."

माफी मागायला हे लिहीत नाही. देऊही नकोस. काल घर झाडून झाल्यावर बसले, तेव्हा लक्षात आलं की हे सगळं माहीत असलेली आता जगात मी एकटीच उरले. सगळं आयुष्य मी एकटीनंच ओढलं, हे तरी का ओढू? आता तूही घे.

तुझीच,
मेबेल