लाफाएलेच्या अंगणात

प्रिय मालाकी,

आत्या तालिया आज संध्याकाळच्या विमानाने ऑकलंडला निघाली आहे. तिच्या हाती हे पत्र देते आहे. फेब्रुवारीत फोनवर मी तुला ‘तू आता तिकडचाच झालास’ असं तोडून बोलले, त्यानंतर आपण बोललोच नाही. तुझी विजेच्या गाड्यांच्या दुरुस्तीची नोकरी, तुझे करार, दोन लहान मुलं, यातून दोन महिने इकडे येऊन माझ्या वर्गाला शिकवणं तुला जमणार नव्हतं हे मला तेव्हाही कळत होतं. पण माझा धीर सुटला होता रे.

परदेशी प्रशिक्षक तीन आठवडे विजेच्या गाड्यांची दुरुस्ती शिकवून निघून गेला, ते तुला सांगितलंच होतं. खात्याचे साहेब म्हणाले, ‘लोसा, तुला इंग्रजी वाचता येतं, पुस्तकं आहेतच, पुढचं तू शिकव.’ वीस वर्षं मी डिझेल इंजिनं शिकवली. डोळे मिटून नुसत्या आवाजावरून खोट सांगायची मी, आणि या गाड्यांना आवाजच नाही. बरं, थांबायचं तरी कसं? तेलाचं जहाज लांबलं की अर्धं आपिया शहर पायी चालतं. बाजाराजवळ विजेच्या बसगाड्या येऊन उभ्या आहेत, जुन्या विजेच्या मोटारी तर बंदरावर दर महिन्याला उतरतात. त्या बिघडल्या की न्यायच्या कुठे, हे कुणालाच ठाऊक नाही. म्हणून मी हो म्हटलं. विजेपासून वाचवणाऱ्या हातमोज्यांचा एकच जोड आणि सोळा विद्यार्थी. रात्री पुढचं प्रकरण वाचायचं आणि सकाळी जन्मापासून येत असल्यासारखं शिकवायचं, असं चाललं होतं.

त्या सोळांत लाफाएले सगळ्यांत मोठा, एक्कावन्न वर्षांचा. बाजारासमोर टॅक्सी लावायचा तो, चर्चमध्ये मागच्या रांगेत खर्जात गायचा तोच. भावांकडून उसनवारी करून त्याने विजेची मोटार घेतली आणि पहिल्याच दिवशी वर्गात हात वर केला. ‘मॅडम, इंजिनच नाही, तर गाडी बंद पडल्यावर शिव्या कुणाला घालायच्या?’ वर्ग हसून लोटपोट. बाकीचे टॅक्सीवाले त्याला चिडवायचे, ‘काय रे, आज गाडी जेवली का?’ तो म्हणायचा, ‘जेवली, आणि तुझ्या गाडीसारखी ढेकर देत नाही.’ माझं सगळं बोलणं तो वहीत उतरवून घ्यायचा. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा माणूस, पण माझ्यासमोर कधी टोपी घालून उभा राहिला नाही.

गेल्या सोमवारी दुपारी त्याची टॅक्सी घरासमोरच बंद पडली. त्याने मागची बाजू उघडून बॅटरीत हात घातला, आणि त्याला झटका बसला. बायको वाओसा अंगणातच कपडे वाळत घालत होती. दवाखान्यात नेईपर्यंत तो गेला होता. परवा रीतीप्रमाणे त्याला घरासमोरच पुरलं. सगळे एकच म्हणत होते, लाफाएलेने घाई केली, कुणाला विचारलं नाही. खात्याच्या कागदावरही तेच लिहिलं आहे. साहेब माझ्या कानाशी येऊन म्हणाले, ‘तुमच्यावर काही येणार नाही, निश्चिंत राहा.’

काल वाओसा शाळेत आली. केळीच्या पानात बांधून भाजलेला तारोचा कंद आणि मासा घेऊन आली होती, माझ्यासाठी! म्हणाली, ‘मॅडम, तुम्ही चार दिवस जेवला नाहीत असं ऐकलं. असं करू नका. त्याला तुमचा फार अभिमान होता. शाळा बंद करू नका.’ तिने स्वतः पान सोडून माझ्यासमोर ठेवलं. मी दोन घास खाल्ले मालाकी, तिच्या देखत खाल्ले, आणि ती गेल्यावर मागच्या नळावर जाऊन सगळं ओकून टाकलं.

कारण त्याने विचारलं होतं. सोमवारी दुपारी मी बाजारात असताना त्याचा फोन आला होता. ‘मॅडम, चावी काढली आहे. आता उघडू का?’ ते प्रकरण मी अजून वाचलं नव्हतं. ‘मला माहीत नाही, थांब’ एवढंच म्हणायचं होतं. पण आजूबाजूला माणसं होती, सगळी मला मॅडम म्हणणारी. मी म्हटलं, ‘चावी काढलीस ना? मग उघड.’ चावी काढली तरी बॅटरीत वीज असतेच, हे मी त्या संध्याकाळी वाचलं.

आज सकाळी थोरल्या काकांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, ‘चूक तुझी असेल पोरी, पण नाव सगळ्या घराण्याचं आहे. मीही तुझ्याबरोबर चटईखाली बसेन.’ उद्या उजाडायच्या आत आम्ही दोघं, क्षमा मागायची आपली रीत आहे तशी, आईची ती बारीक विणीची चटई डोक्यावरून पांघरून लाफाएलेच्या अंगणात, त्याच्या थडग्यापाशी जाऊन बसणार आहोत. त्याचे तिघे भाऊ तापट आहेत. ते येऊन क्षमा केली म्हणून चटई उचलतील की मारायला दगड, मला ठाऊक नाही. वाओसा बाहेर येईल तेव्हा तिच्या डोळ्यांत काय असेल, त्याचीच मला जास्त भीती वाटते. फोन केला असता तर तू मला अडवलं असतंस, म्हणून हे पत्र. माझ्यासाठी येऊ नकोस. पण उरलेले पंधराजण आहेत ना, ते आजही कुठेतरी गाड्या उघडत असतील, मी शिकवलं तेवढ्याच जोरावर. त्यांच्यासाठी ये. दोन महिने नाही तर दोन आठवडे ये. आणि पहिल्या तासाला बॅटरीच्याही आधी त्यांना एवढं शिकव, की माहीत नसेल तेव्हा माहीत नाही म्हणायचं. तेवढं मला शिकवता आलं नाही.

तुझीच ताई,
लोसा