मुळा वर्ज्य असलेल्या घराची वाटणी

मी, प्यो मान्सोक, वय अठ्ठ्याहत्तर, धंदा जिह्वांगची मुळं उकडण्याचा, राहणार ओंगदोंग, जोंगुप, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. कानांना तर गरजेपेक्षा जास्त ऐकू येतं. माझ्यावर कोणाचंही दडपण नाही. बायको मालसुन पलीकडच्या खोलीत आहे, पण तिला दडपण म्हणता येत नाही. ते आमच्या घरचं हवामान आहे.

कलम १. राहतं घर, अंगणातल्या मिरची-सोयाच्या रांजणांसह, मालसुनला बिनशर्त द्यावं. कारण लिहिलंच पाहिजे. ज्या घरात जिह्वांग उकडतं त्या घरात मुळा शिरत नाही. हे मूळ केस काळे ठेवतं, आणि त्यावर मुळा खाल्ला तर तेच केस पांढरे होतात, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मालसुन लग्न होऊन आली तेव्हा मी ज्यांच्याकडे कामाला होतो त्या मालकिणीने तिच्या माहेरच्या शिदोरीतली मुळ्याची मुरवलेली तिखट किमची वेशीवरच सांडायला लावली. मी तेव्हा त्यांच्या चुलीत लाकडं सारत होतो, माझं काय चालणार? पुढे चूल माझी झाली, पण नियम तोच राहिला. दर हिवाळ्याच्या तोंडाला अख्खं गाव मुळे किसत असतं आणि ही नुसत्या कोबीत मिरची भरत म्हणते, "अहो चुन्हीचे बाबा, त्या मुळांबरोबर तुम्ही माझी जीभही उकडून टाकलीत."

कलम २. बँकेतली शिल्लकही मालसुनचीच. किती आहे ते तिला माझ्यापेक्षा नक्की माहीत आहे.

कलम ३. धंद्याची खुबी. ही इस्टेटच आहे, म्हणून इथे नोंदवतो. जिह्वांग नऊ वेळा वाफवायचं आणि नऊ वेळा वाळवायचं, तेव्हा कुठे ते काकवीसारखं काळं आणि गोड होतं. सातव्या वाफेला माणूस कंटाळतो आणि आठवीपासून खोटं बोलायला लागतो. माझ्या वारसाने बोलू नये. दुसरी खुबी विक्रीची. जोंगुपच्या बाजारात एकदा एका गिऱ्हाइकाने माझ्यासमोर टोपी काढली.

"दोन वर्षं तुमचं औषध घेतोय. हे डोकं बघा!"

"मुळा खाल्लात?"

"थोडासा. सुपातला."

"मग मी काय करू?"

त्याने टोपी घातली आणि आणखी एक पुडा नेला. आमच्या देशात मुळा न खाणारं माणूस म्हणजे दात न आलेलं मूल. त्यामुळे या धंद्यात तक्रार टिकत नाही.

कलम ४. माझी जुनी लोकरी हॅट कुक चांगबे याला. हा माझा शेजारी, टेकडीच्या उताराचा मालक, आणि या पंचक्रोशीतला सगळ्यात मोठा मुळेवाला. माझे केस पन्नाशीलाच पांढरे झाले. मुळ्याला मी बोटही लावलं नव्हतं. पण हा भर बाजारात ओरडला, "अरे, मान्सोक अंधारात माझ्या शेतात येतो! सकाळी बघावं तर पाला जागेवर आणि मुळा गायब!" त्या हंगामात माझा निम्मा माल घरी परत आला. मग माझ्या एकुलत्या एका मुलीने, चुन्हीने, त्याच्याच मुलाशी लग्न केलं. डोकं झाकायची पाळी माझ्यावर त्याने आणली, तेव्हा झाकण त्याने सांभाळावं.

कलम ५. पुतण्या दॉक्सू याला पितरांच्या पूजेचा चौरंग आणि पितळी भांडी. पूजा तो मनापासून करतो, त्यात खोट नाही. घराण्याच्या पुढच्या पिढीतला एकमेव पुरुष म्हणून उकडण्याचा लोखंडी हंडाही त्याला मिळणार, असं भाऊबंद गृहीत धरून आहेत. मागच्या सणाला तो मला म्हणाला, "काका, हंडा रंगवून अंगणात ठेवू. उकडायच्या खोलीत कॉफी विकू. शहरातली माणसं फोटो काढायला येतात."

"आणि बेणं?"

"कसलं बेणं?"

दॉक्सूला हंडा मिळणार नाही.

कलम ६. आता खरी वाटणी. जिह्वांगचा स्वभाव असा की एकदा जिथे वाढलं ती जमीन त्याला पुढची दहा वर्षं नकोशी होते. तिथेच पुन्हा लावलं तर कुजतं. म्हणून मी जन्मभर गावातली शेतं बदलत राहिलो. आता माझी सगळी थकलेली आहेत, आणि इतरांच्या जमिनींवर रस्ते आणि कोंबड्यांच्या शेडी झाल्या आहेत. या वर्षीचं बेणं परसातल्या खड्ड्यात वाळूखाली आहे. एप्रिलमध्ये त्याला कोरी माती मिळाली नाही तर माझ्या मालकाकडून आलेलं हे वाण संपलं. जिह्वांगचा वासही न लागलेली एकच जमीन गावात उरली आहे. तो उतार कुणाचा, हे कलम ४ मध्ये आलंच आहे.

इथपर्यंत आज सकाळी लिहून झालं. गल्लीत बायका किमची भरत होत्या. चुन्ही मिरचीने माखलेले हात घेऊन आईकडे तिखट मागायला आली, तेव्हा मी तिला आत बोलावलं.

"हंडा आणि बेणं तुला देतो. अट एकच. मुळा सोडायचा."

"नाही सोडणार, बाबा."

"कुकच्या घरात राहून बिघडलीस."

"सत्तेचाळीस वर्षांची झाले. सासरी रोज मुळा खाते. हे बघा." तिने डोक्याचा रुमाल ओढला. केस कोळशासारखे.

"रंगवतेस!"

"मग चोळून बघा की."

मी ओल्या फडक्याने चोळून बघितले. फडकं पांढरंच राहिलं. पलीकडून हवामान बोललं, "माझ्या आईचे केस मरेपर्यंत तसेच होते. तुमचे तुमच्या बापावर गेले. मुळ्याला कशाला शिव्या घालता?"

मी व्यापारी माणूस. बाजारात उभं करायला याहून चांगलं डोकं मिळणार नाही, हे मला लगेच दिसलं. "बरं," मी म्हटलं, "पण गिऱ्हाइकाने विचारलं, काय खातेस, तर?"

"मुळा खाते म्हणून सांगेन."

"धंदा बुडवशील!"

"केसांसाठी येणारे जातील, बाबा. नऊ वाफांची चव कळणारे राहतील. आणि मला ती आणता येते, तुम्हीच शिकवलंत. हंडा द्यायचा तर तसाच द्या, नाहीतर दॉक्सूला द्या आणि कॉफी प्या."

तेवढ्यात अंगणात कुक चांगबे. त्याच्या हातात वाडगा आणि मागे सगळ्या गल्लीतल्या बायका.

"व्याही," तो म्हणाला, "सुनेने उताराचा वरचा पट्टा मागितलाय, तुमच्या बेण्यासाठी. देतो. पण जन्मभर तुम्ही माझ्या मुळ्याची बदनामी केलीत. आधी हा तुकडा खा. सगळ्यांच्या देखत."

"आणि तुम्ही माझी केलीत ती?"

"ती मी चेष्टेत केली होती."

"माझं दुकान चेष्टेत बसलं होतं होय?"

"बरं, चुकलं. खाता, की जमीन ठेवून घेऊ?"

चुन्ही परसातल्या खड्ड्याकडे बघत होती.

मी खाल्ला. आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला. चव कशी होती हे या दस्तऐवजात लिहिण्याची गरज नाही. दुसरा तुकडा मी स्वतः मागून घेतला. साक्षीदार ते सांगत सुटतीलच, म्हणून आधीच नोंदवून ठेवतो. मालसुनने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की कलम १ मधली देणगी मला तोकडी वाटली. तरी परसातली पर्सिमनची फळझाडंही तिच्या नावावर करावीत.

कलम ७. त्यानुसार हंडा, उकडण्याची खोली, वाळवणाच्या चटया, सगळं बेणं आणि प्यो हे दुकानाचं नाव माझी मुलगी चुन्ही हिला, मुळ्याची कोणतीही अट न घालता. वरचा पट्टा कुकने तिला कसायला दिला आहे आणि तो शब्द मोडणार नाही, याबद्दल तो खाली शिक्का मारत आहे. कलम ४ खोडून टाका असं त्याचं म्हणणं आहे. खोडणार नाही.

कलम ८. अंत्यविधी. मला थंडीत मरण आलं तर रीतीप्रमाणे तीन दिवस सगळं करावं, येणाऱ्याजाणाऱ्याला गोमांसाचं तिखट सूप वाढावं आणि दॉक्सूला पुढे उभं करावं. मात्र एप्रिलमध्ये, ऐन लावणीत मरण आलं, तर कोणीही शेतातून उठू नये. मला इस्पितळाच्या शीतघरात ठेवावं आणि बेणं आधी मातीत घालावं. मी थांबू शकतो. ते थांबणार नाही.

लिहून देणार: प्यो मान्सोक (सही व शिक्का)

साक्षीदार:
१. कुक चांगबे, व्याही. शिक्का मारला. शेजारचा लाल ठसा शाईचा नसून मिरचीचा आहे, तो ग्राह्य धरू नये.
२. नो योंगबून, गावातल्या केशकर्तनालयाची मालकीण. चुन्हीचे केस रंगवलेले नाहीत, हे हिने न विचारता सांगितलं.

ठिकाण: ओंगदोंग, स्वतःच्या ओसरीवर.
दिनांक: २८ नोव्हेंबर २००९