कापसाच्या ढिगावर वाढलेलं पोर

५ फेब्रुवारी
सुनेने मला न विचारता नातीची झोपायची जागा हलवली. कारखान्यातून उचलून वरच्या खोलीत, दार लावून. आधी हे लिहिते, बाकीचं मग. कारण काय, तर धूळ. आमचा गाद्यांचा कारखाना. जुनी गादी फोडायची, कापूस मशीनमध्ये पिंजायचा, नव्या खोळीत भरायचा. त्यात धूळ नाही उडणार तर काय अत्तर उडेल? माझा मुलगा जन्मल्यापासून याच ढिगावर झोपला. एवढं मऊ अंथरूण राजाच्या पोराला मिळालं नसेल.
आठवडाभरात नात खाली आणायची. ठरलं.

७ फेब्रुवारी
मुलाला डॉक्टरांकडे नेलं. पस्तिशीचा घोडा, पण जिना चढताना मध्येच थांबून भिंतीकडे बघत बसतो. मी समजत होते, विचार करतो. त्याला नळीत फुंकायला लावलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, याची फुप्फुसं लहानपणी वाढायची तेवढी वाढलीच नाहीत. तेव्हा होतात तेवढ्यावरच जन्म काढायचा असतो. आता धूळ सोडली तर आहे ते टिकेल, गेलेलं परत यायचं नाही.
मी म्हटलं, बाई, याला नऊ नंबरची चप्पल लागते, आतलंच कसं लहान राहील? त्या हसल्या नाहीत. जास्त शिकलं की असं होतं. मग विचारलं, लहानपणी कुठं असायचा? मी म्हटलं, घरात. कारखाना घराखालीच आहे. खोटं कुठं बोलले?

९ फेब्रुवारी, सकाळ
मुलाला मीच बरा करणार. बाईंनी श्वासासाठी दिलेल्या औषधाच्या पंपाची सवय वाईट. पंप चादरींखाली ठेवला. रोज गल्लीत फेऱ्या.

संध्याकाळ
पहिल्याच फेरीत ओठ निळे पडले. सून धावत आली, पंप कुठाय म्हणाली. मी लगेच काढून दिला. माझ्यामुळे सापडला, हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

१५ फेब्रुवारी
मशीन आता मी चालवते. मला काहीसुद्धा होत नाही. लग्नापर्यंत डोंगरात वाढले, चढणीवरून पळत शेळ्या वळायचे. दम म्हणजे काय ते माहीत नाही. धुळीने माणूस बिघडत असता तर आधी मी बिघडले असते. हे सुनेला ऐकवलं. ती म्हणाली, आई, तुमची छाती डोंगरात झाली, यांची कारखान्यात. नवरा असा मिळाला, ठीक आहे. मुलगी मला अख्खी हवी.
अख्खी म्हणे. कुठं उसवली आहे ती?

२ मार्च
सून औषधांच्या दुकानात कामाला लागली. बजावून गेली, बाळाला खाली न्यायचं नाही. मी मान हलवली. शपथ घेतली नव्हती.

३ मार्च
नात वर रडत होती, खाली वसतिगृहाच्या गाद्या अडल्या होत्या. मुलगा खाटेवर बसून म्हणाला, आई, नको नेऊ. पुढचं काहीतरी बोलणार होता, पण श्वास पुरला नाही. तोवर मी जिना उतरले. ढिगावर ठेवल्या ठेवल्या पोर झोपली. बघा. सून यायच्या आत वर नेली. उद्यापासून रोज हेच.

११ मार्च
नात खोकते. दात येताहेत. मुलालाही दात येताना असाच खोकला होता, शाळेत जाईपर्यंत.
रात्री सुनेने तिचं नाक पुसलं, तर कापूस निघाला. सुनेने तो कागदात गुंडाळून ठेवला. बोलली असती तर मी चांगलं उत्तर देणार होते.

१४ मार्च, दवाखाना
नात काचेपलीकडे, तोंडावर मास्क. पोट आत-बाहेर, आत-बाहेर. मला आत सोडत नाहीत, कपड्यांना धूळ आहे म्हणे. मी झटकले, तर नर्स ओरडली.
त्याच डॉक्टरीणबाई आहेत. म्हणाल्या, यातून उठेल. पण छाती वाढायचं हेच वय आहे, पुढचं आत्ता सांगता येत नाही. मी विचारलं, मोठेपणी भरून निघेल ना? त्या मुलाकडे बघत राहिल्या.
सून म्हणाली, आता त्या घरात पाऊल ठेवणार नाही. मुलाने मान खाली घातली. म्हणजे तोही जाणार. जाऊ दे. जागा मोकळी होईल, आणखी एक मशीन बसेल.
बाई परत येताहेत. मूल कुठं झोपायचं ते विचारतील. मी उत्तर देणार नाही. सुनेनंही द्यायचं नाही, तिला रडू आवरत नाही. माझ्या मुलाने द्यायचं. त्या ढिगावर तोच वाढलाय. मध्ये दम लागला तर बाईंनी थांबायचं, पण उत्तर त्यानेच द्यायचं.