नाव काही वाहत नाहीये

माझी लेक चि. ठमी हिला,
बापाचे आशीर्वाद.

करवत विकली असं मी तुला वर्षापूर्वी सांगितलं. ती पलंगाखाली आहे. आज बाहेर ओढताना तिनं माझा उजवा अंगठा कापला, म्हणून दवाखान्यात बसून डाव्या हातानं लिहितोय.

तुला कळलं तर सुतारकाम कायमचं बंद, म्हणून इथे नाव सांगायचंच नाही असं ठरवलं.

"आजोबा, नाव?" नर्सबाईंनी विचारलं.

"आधी टाके घाला. रक्त वाहतंय, नाव काही वाहत नाहीये."

बिचारीनं टाके घातले आणि कागदावर लिहिलं, 'अनोळखी पुरुष, वय ऐंशी.'

"अहो, बहात्तर," माझ्या तोंडून निसटलं.

"बरं. घरचं कोणी?"

"कोणी नाही." हे म्हणताना मात्र मी खाली मान घातली गं.

त्यांनी माझा एप्रन उलटा केला. आत लाल दोऱ्यानं माझं नाव आणि तुझा फोन नंबर शिवलेला. म्हणाल्या, "टाके घालतानाच हे दिसलं, फोन केला. लेक केव्हाच निघालीय."

हा एप्रन तू गेल्या महिन्यात धुवायला नेला होतास. म्हणजे तुला सगळं ठाऊक होतं, आणि तू ब्रसुद्धा काढला नाहीस.

जिन्यावर तुझ्या चपला वाजतायत. पत्र खिशात ठेवतो. पलंगाखालचं तोंडीच सांगीन.

तुझा,
अनोळखी पुरुष (वय बहात्तरच)