अंगाच्या उबेवरचं घड्याळ

सांगली, मे १९९९

माघातल्या त्या सकाळी मी नेहमीसारखं पाणी गाळलं, गाळण्यातले जीव परत पाण्यात जावेत म्हणून ते आडावर नेऊन पालथं केलं, दूध तापवलं आणि तुमच्या दादांना उठवायला गेले. (पत्राची सुरुवात अशी करू नये, हे कळतं मला. तर प्रियदर्शनीवन्संना गुणमालाचा जय जिनेंद्र. पाचगणीत सगळे बरे असाल. भावजींचा खोकला कसा आहे?)

ते उठले नाहीत. हात गार पडत चालला होता आणि मनगटावरचं घड्याळ चालू होतं. तुमच्या लेकानं, अतिशयनं, जपानहून मामांसाठी आणलेलं, सेल न लागणारं, अंगाच्या उबेवर चालणारं. ऊब गेली की थांबणार, मग पुन्हा लावावं लागणार. ह्यांनी ते मुद्दाम पुढं ठेवलं होतं, दिवस मावळायच्या आत जेवणं उरकावीत म्हणून. ती वेळ दुसऱ्या कुठल्याच घड्याळात नव्हती. म्हणून रडायच्या आधी मी ते काढून माझ्या हातात घातलं. बांगड्या उतरवायला आलेल्या बायका त्या हाताकडं बघतच राहिल्या. (तुम्हीही बघितलंत, पण काही बोलला नाहीत. ते लक्षात आहे.)

थंडीत अडचण आली नाही. मग हा उन्हाळा. घड्याळाचं माहितीपत्रक इंग्रजीत आहे. शब्दकोश घेऊन रोज दुपारी मी त्याच्या एक-दोन ओळी लावते. त्यात निघालं की नुसती ऊब पुरत नाही. अंग गरम आणि हवा गार, असा फरक लागतो. सांगलीच्या मे महिन्यात मी आणि हवा सारख्याच. म्हणून घड्याळावर ओलं फडकं बांधायला लागले. दळण आणायला जाताना शेजारच्या नानासोंनी थांबवलं. “काकू, हाताला ताप आलाय व्हय?” मी कंटाळून हो म्हणाले, तर ते कंपाउंडरलाच घेऊन आले. त्यानं फडकं सोडलं, नाडी धरली आणि वेळ बघायला माझंच घड्याळ वापरलं. नाडी ठीक आहे म्हणाला, घड्याळ तेवढं पुढं आहे, लावून देतो. मी हात असा हिसकला की त्यानं मला झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या.

आता तुमच्या पत्राबद्दल. मामांची आठवण म्हणून अतिशयला घड्याळ हवंय, हे रास्तच आहे, आणलं त्यानंच. पण पोस्टानं पाठवलं तर वाटेत थांबेल.

तुमची वहिनी,
गुणमाला

ता. क. पाचगणीत हवा गार असते. घड्याळ हातासकट आणलं तर चालेल का? माझं जेवण थोडं असतं, फक्त उजेड असताना वाढावं लागेल.

ता. क. पत्र पाकिटात घालायच्या आधी पत्रकाची शेवटची ओळ लागली. हे घड्याळ उबेचा साठा करून ठेवतं. हातातून काढलं तरी कित्येक महिने चालतं. म्हणजे फडकी फुकट गेली आणि पोस्टाची सबबही गेली. माघापासून ते माझ्या उबेवर चाललंय की अजून त्यांच्याच, हे पत्रकात दिलेलं नाही. मी ते काढून त्यांच्या फोटोपुढं ठेवलं.

हे कालचं. आज सकाळी मी पाणी गाळलं, फडकं धुऊन वाळत टाकलं आणि घड्याळ पुन्हा हातात घातलं.