समासातली सही

१४ नोव्हेंबर

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. तू, तुझी बायको, पोरं, सगळी बरी असाल. नऊ वर्षांनी माझं अक्षर पाहून दचकला असशील. दचक, पण पत्र फाडू नकोस.

छापखाना या महिन्यात बंद करते आहे. मशीन भंगारात गेलं. उरला बाबांचा कॉम्प्युटर. शेवटचा बॅकअप घ्यावा म्हणून जुनी पाचशे जीबीची डिस्क जोडली, तर म्हणे जागा अपुरी! कॉम्प्युटरवर सगळं मिळून एकशेऐंशी जीबी. त्यात ती पाचशेची डिस्क चारशे पासष्टचीच दाखवते. आपल्याला फसवलं म्हणून दोन्ही उचलून मी तरातरा दुकानात गेले.

दुकानदार हसला. "मावशी, कंपनी हजाराने मोजते, कॉम्प्युटर एक हजार चोवीसने. चोरी नाही झाली. आणि ही डिस्क नुसतं आजचं ठेवत नाही, तुम्ही पुसलेलंही सांभाळते. म्हणून भरली. आता पुढे गेलो की सगळ्यात जुनं आधी उडवेल. जाऊ?"

"थांब!" मी अशी ओरडले की त्याच्या हातातला चहा सांडला.

लहानपणी बाबा प्रूफं मोठ्याने वाचायचे, स्वल्पविराम-पूर्णविरामासकट, आणि आपण कागदावर बोट ठेवून तपासायचो. आठवतं ना? ज्याच्या नजरेतून चूक सुटेल त्याने समासात सही करायची. तू झटकन करायचास, मला मेलं जिवावर यायचं. पुढे आपण नोकरीला लागलो, तसे ते वाचन रेकॉर्ड करून ठेवायला लागले, आपण रात्री येऊन ऐकत तपासावं म्हणून. मध्येच खोकला, मध्येच "दूध उतू गेलं वाटतं".

बाबा गेल्यावर ती रेकॉर्डिंग सापडेनात. आदल्याच महिन्यात तू कॉम्प्युटर साफ केला होतास. सगळ्यांदेखत मी म्हणाले, "बाबांचा आवाज तू पुसलास." तू चपला घातल्यास आणि गेलास.

डिस्कवर काय कधी पुसलं त्याच्या तारखा असतात. पण मला त्या बघायची गरज नव्हती. एका जाड कॅटलॉगच्या चित्रांना जागा हवी होती, म्हणून तो फोल्डर मीच पुसला होता. बाबा तेव्हा होते रे. पुन्हा वाचतील, असं वाटलं. तुझ्यावर ओरडले तेव्हाही मला हे माहीत होतं.

सगळं सापडलं. नवी मोठी डिस्क घेऊन त्यावर उतरवलं. मग एकेक ऐकत बसले. एका ठिकाणी बाबा वाचता वाचता थांबतात. म्हणतात, "धाकट्या, मागच्या प्रूफात ताईच्या चुकीवर तू सही केली आहेस. मला अक्षर ओळखता येत नाही असं समजू नकोस. तिची तिला करू दे." आणि पुढची ओळ वाचायला लागतात.

म्हणजे तू तेव्हाही माझ्यासाठी सह्या करत होतास. मला पत्ताच नव्हता.

डिस्क सोबत पाठवते आहे. ती उघडण्याआधी हा कागद नीट बघ. डावीकडे समास मुद्दाम रुंद सोडला आहे. त्यात, आपल्या नियमाप्रमाणे, माझ्याच हाताने,

चूक माझी.

ताई